चावी न दिलेलं घड्याळ

अण्णा, आज तेरा दिवसांनी ऑफिसला गेलो. डोक्यावर केस नाहीत, मनगटावर घड्याळ नाही. बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्यानं वेळ विचारली, "टाइम एन्न सार?" आणि मी सवयीनं हात वर केला. उघडं मनगट! म्हाताऱ्याला वाटलं मी त्याची थट्टा करतोय. तो तोंड फिरवून बसला. त्याला मी काय सांगणार होतो? मद्रासमध्ये पाच-पाच घड्याळं बाळगणारे पुष्कळ असतील. पण भाऊ केव्हा गेला असं विचारल्यावर ज्याला वेळ सांगता आली नाही, असा पाच घड्याळांचा धनी मी एकटाच असेन.

बघ, मुद्द्याचं आधीच बोलून टाकलं. नाहीतर तू म्हणायचास, "वेंकू, तुला कोपऱ्यावर जायचं असलं तरी तू तंजावरवरून जातोस." आज वळसा नाही घेत. आणि हे असं छापील मराठीत लिहितोय म्हणून हसू नकोस. आपल्या घरच्या बोलीत लिहायला घेतलं होतं. "अण्णा, काय करूंलालास?" एवढं लिहिलं आणि पुढचं अक्षर उमटेना. ती बोली बोलायला समोर माणूस लागतो. म्हणून ही पुस्तकातली भाषा. हिच्यात निदान पेन पुढं सरकतं. फक्त वहिनीला मन्नीच म्हणणार, तेवढं घरचं सुटत नाही.

घड्याळांचं वेड मला तूच लावलंस, हे तू कधी कबूल केलं नाहीस. मला नोकरी लागली त्या महिन्यात तू मला मूर मार्केटात घेऊन गेलास. दुकानदारानं मखमलीवर घड्याळं मांडली. मी डायल बघत होतो, काटे बघत होतो. तू एकेक उचलून नुसतं कानाला लावत होतास. शेवटी एक पांढऱ्या डायलचं, स्टीलचं, अगदी साधं घड्याळ माझ्या हातावर बांधलंस आणि म्हणालास, "हे नीट चालतं. आता उशिरा पोचलास तर घड्याळाला दोष देता येणार नाही." बस्स, तिथंच फसलास तू. मी ते उशाशी घेऊन झोपलो. तो बारीक आवाज ऐकत पडून राहिलो. एवढ्याशा डबीत एवढं सगळं चाललंय आणि ते माझं आहे! तसा आनंद मला लग्नाच्या दिवशीसुद्धा... जाऊ दे, सरू वाचेल.

मग दुसरं आलं. बंदरावरच्या एका खलाशाकडून घेतलेलं, अंधारात हिरवे आकडे चमकणारं. मोठ्या हौसेनं तुला दाखवायला आणलं तर तू भडकलास. तू स्वतः बंदराच्या ऑफिसात कारकून. "जकात चुकवून आलेला माल माझ्या घरात? ऊठ, घेऊन जा आधी!" मन्नीनं आणलेली कॉफी मी उभ्या उभ्या प्यालो आणि जिना उतरलो. मग तिसरं, चौकोनी, चामड्याच्या पट्ट्याचं, आत सतरा ज्वेल म्हणजे खडे बसवलेलं. चौथं आपोआप चावी घेणारं, हात हलला की झालं. त्यावर तू म्हणालास, "हे तुला उपयोगाचं नाही, वेंकू. ह्याला हात हलवावा लागतो आणि तू पडलास सरकारी नोकर." सगळं घर हसलं. मीही हसलो. पण मला ते लागलं होतं, आता सांगतो.

समुद्राच्या हवेनं घड्याळं गंजतात म्हणून मी ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचो. सरूनं एकदा भाताला तांदूळ घेतला तर सुपात चौकोनी घड्याळ. तिनं घर डोक्यावर घेतलं. आणि ही गोष्ट तुला सांगायला ती मांबळमहून थेट तिरुवल्लिक्केणीला आली, बस बदलून! तू पुढं कितीतरी दिवस मला भेटलास की विचारायचास, "आज काय जेवलास रे, सतरा ज्वेलचा भात?"

रविवारी संध्याकाळी आपण मरीनावर जाऊन बसायचो आणि आपला वाद तिथं वाळूत खऱ्या अर्थानं रंगायचा. उकडलेल्या हरभऱ्याच्या सुंडलचा द्रोण तुझ्या हातात, घड्याळ माझ्या हातात. महाग घड्याळ घ्यावं की घेऊ नये? तुझं म्हणणं सरळ होतं. वेळ कळली की घड्याळाचं काम संपलं, आणि ते काम स्वस्तातलं घड्याळही करतं. तेव्हा बंगळुरूला आपल्या देशात घड्याळं बनायला लागली होती. तू म्हणायचास, "ते घे एक आणि गप्प बस." मी म्हणायचो, "मग तू कॉफीच्या बिया घ्यायला मैलापूरपर्यंत का जातोस? कोपऱ्यावर मिळत नाहीत? त्यातसुद्धा गोल दाण्याची पीबेरीच पाहिजे, समोर भाजून पाहिजेत!" मला वाटलं आता तू सापडलास. तू शांतपणे द्रोण पुसला आणि म्हणालास, "कॉफी मी पितो. तू घड्याळ घालत नाहीस. ठेवतोस."

मी चिडलो. तुझ्याशी वाद घालताना मी नेहमीच चिडायचो, आणि तू चिडत नाहीस म्हणून आणखी चिडायचो. पण माझंही काही म्हणणं होतं, अण्णा. ते मला तुझ्यासमोर कधी नीट मांडता आलं नाही. चांगल्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की आत जे दिसतं ना, जिथं कोणाचीही नजर कधी पोचणार नाही अशा जागीसुद्धा कोणीतरी धातूला घासून घासून चकाकी आणलेली असते. कोणासाठी? मला ते बघून गहिवरून यायचं. पैशाची मिजास होती, नाही असं नाही, पण सगळी मिजासच नव्हती. एकदा मी तुला ते उघडून दाखवलं. तू चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघितलंस आणि म्हणालास, "बनवणारा भला माणूस असला पाहिजे." तेवढंच. तो माझा एकुलता एक विजय.

आणि मग ते पाचवं. सोन्याचं. माउंट रोडवरच्या काचेच्या दुकानातलं. चार महिन्यांचा पगार गेला, पण ते सांगायला आता तोंड नाही. ते घेऊन आलो तेव्हा तू सवयीप्रमाणं ते कानाला लावलंस.

"काही ऐकू येत नाही."

"चावी दिलेली नाही."

"का?"

मी सांगितलं. ह्याचं यंत्र फार नाजूक. रोज चावी दिली की आतून झिजतं. म्हणून चावी न देताच घालायचं, सणासमारंभाला, आणि काटे दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवायचे. दुकानात शोकेसमध्ये तसेच ठेवतात, डायल खुलून दिसते. तू माझ्याकडे असा बघत राहिलास की मला वाटलं आता काहीतरी जबर बोलणार. पण तू एवढंच म्हणालास, "मग तू जेवतोस कशाला वेंकू? दात झिजतील." मन्नी तोंडाला पदर लावून आत पळाली.

चीनबरोबर लढाई झाली त्या वेळचं आठवतं? गल्लीगल्लीतून बायका संरक्षणासाठी सोनं देत होत्या. मन्नीनं दोन बांगड्या दिल्या, तू तिला घेऊन रांगेत उभा राहिलास. परत येताना माझ्याकडे आलास आणि मी काही विचारायच्या आतच म्हणालास, "तुझं ते घड्याळ देणार का?" मी तडक उत्तर दिलं, "ते घड्याळ आहे, ते काय सोनं आहे?" तू खो खो हसत सुटलास. "गेल्या महिन्यात तर सोनं म्हणून दाखवत होतास!" तुझं हसणं थांबेना. मी घड्याळ दिलं नाही. तूही पुन्हा कधी त्याचा विषय काढला नाहीस. काढला असतास तर बरं झालं असतं. तू सोडून दिलेल्या गोष्टी माझ्या अंगावर राहायच्या.

मग तुझं छातीचं दुखणं सुरू झालं. पहिले काही आठवडे तू म्हणत होतास, "डॉक्टरला काय कळतं." नंतर ते म्हणणंही बंद झालं. मी रोज ऑफिस सुटलं की तुझ्याकडे यायचो. तुझं घड्याळ, तेच जुनं कापडी पट्ट्याचं, खाटेशेजारच्या खुंटीवर असायचं. मन्नी त्यावर बघून औषध द्यायची, तांदळाची पातळ कंजी करायची. मला ते बघवेना. वर्षानुवर्षं तेल नाही, धूळ साचलेली. मी म्हटलं, "अण्णा, हे देतो मी ऑइलिंगला." तू म्हणालास, "चालतंय ना?" मी म्हटलं, "तुला काय कळतं त्यातलं!" आणि पायक्रॉफ्ट्स रोडवरच्या दुरुस्तीवाल्याकडे देऊन आलो. मन्नीनं विचारलं, "भावजी, मग मी वेळ कशी बघू?" मी छाती पुढं काढून म्हटलं, "मी आहे ना! सुट्टी काढून बसतोय इथं. माझ्याकडे घड्याळांना काय तोटा?"

तुझ्या घरातलं एकुलतं एक घड्याळ मी बाहेर काढलं, अण्णा. चांगल्या बुद्धीनं काढलं. पण काढलं मीच.

त्या रविवारी आमचे ऑफिसचे मोठे साहेब तुला बघायला येणार होते. आदल्या दिवशी तसा निरोप आला होता. म्हणून सकाळी घरून निघताना मी तांदळाच्या डब्यात हात घातला. तू घेऊन दिलेलं स्टीलचं घड्याळ हाताला लागलं. ते आजही मिनिटभर इकडं तिकडं होत नाही. मी ते पुन्हा तांदळात ढकललं आणि सोन्याचं काढलं. साहेब येणार होते ना!

तू बघताक्षणी ओळखलंस. उशीवरून मान वळवलीस आणि विचारलंस, "किती वाजले?" शेजाऱ्यांच्या रेडिओवर नुकत्याच बातम्या झाल्या होत्या, म्हणून मी ठोकून दिलं, "नऊ." तू हसलास. हसताना तुला खोकला यायचा, तो आला. मग म्हणालास, "चावी दे रे त्याला." मी म्हटलं, "देतो, देतो. संध्याकाळी." माझ्याशी तू बोललास ते एवढंच. नंतर दुपारपर्यंत तू डोळे मिटून पडून होतास.

जेवणं झाल्यावर साहेब आले. तुझ्या खाटेजवळ थोडं बसले, देवाचं नाव घेतलं, उठले. मन्नी मागच्या स्वयंपाकघरात तुझ्यासाठी कंजी करायला गेली. जाताना मला म्हणाली, "तुम्ही बसा जवळ." मी बसलो असतो. पण साहेबांना जिन्यापर्यंत सोडायला नको का? मोठा माणूस, सुट्टीच्या दिवशी घरी आलेला. जिन्याच्या तोंडाशी उजेड येतो. साहेबांची नजर माझ्या मनगटावर गेली. "अरे वा, सोन्याचं?" म्हणाले. मी पट्टा सोडला. त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं. मी मागचं झाकण कसं उघडतं ते सांगितलं, आतलं काम कसं असतं ते सांगितलं, किती ज्वेलचं आहे ते सांगितलं. पुष्कळ सांगितलं. किती वेळ गेला? मला ठाऊक नाही. हेच तर ते, अण्णा. मला ठाऊक नाही.

परत आलो तर तू नव्हतास. तुझा हात खाटेच्या कडेवरून खाली आला होता आणि तोंड जिन्याच्या दाराकडे वळलेलं होतं. मी किंकाळी फोडली म्हणे. मला ते आठवत नाही. मन्नी कंजीचं भांडं तसंच घेऊन धावत आली तेव्हा मी तुझा हात धरून जमिनीवर बसलो होतो. शेजारी जमले. घड्याळ कोणी बघितलं नाही. कोण बघणार? ते काम माझं होतं.

डॉक्टर उशिरा आले. म्हणाले, "तास झाला असेल, कमीजास्त." मग गुरुजी आले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. प्राण केव्हा गेला? त्या दुपारी अष्टमी संपून नवमी लागत होती, नेमकी त्याच सुमाराला. अष्टमीत गेलास की नवमीत, त्यावर तुझी तिथी ठरणार होती, दर वर्षी तुझं श्राद्ध कोणत्या दिवशी करायचं ते ठरणार होतं. "जवळ कोण होतं?" गुरुजींनी विचारलं. मन्नीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "भावजी होते. त्यांच्या हातात घड्याळ आहे."

आणि मी काय केलं माहीत आहे? मी हात वर करून घड्याळ बघितलं! एवढी मंडळी समोर, तू तिथं जमिनीवर, आणि मी मोठ्या गंभीरपणे मनगट डोळ्यांसमोर धरलं. गुरुजीही वाकले. "दहा वाजून दहा?" ते म्हणाले. "सकाळी?" मन्नी म्हणाली, "छे, जेवणानंतर मी ह्यांना पाणी पाजलंय." मग मन्नीनं पुढं येऊन माझं मनगट धरलं. जन्मात तिनं कधी मला हात लावला नव्हता. तू लावायचास तसं ते घड्याळ तिनं कानाला लावलं. तसंच धरून राहिली. मग सोडलं.

"हे चालत नाही, भावजी," ती म्हणाली. रागानं नव्हे. मला वाईट वाटू नये अशा हलक्या आवाजात.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आजवर मी नुसतं वाचलं होतं. जमलेल्यांतला एकही माणूस हसला नाही. हसले असते तर मी कृतज्ञ राहिलो असतो. मी काहीतरी सावरायला म्हटलं, "दोनच्या सुमाराला असेल." गुरुजी म्हणाले, "असेल म्हणून चालत नाही वेंकटराव. नक्की सांगा. दहा दिवसांत आठवून बघा, विचारून बघा. नाहीतर मग अमावास्या."

अमावास्या म्हटल्यावर मन्नीचा चेहरा उतरला. आपल्या घरात त्या दिवसाचा अर्थ वेगळा सांगायला नको. रंगूनचे काका जपानच्या लढाईत तिकडून पायी निघाले आणि कुठं, कधी गेले ते कोणालाच कळलं नाही. त्यांचं श्राद्ध अमावास्येला. ज्यांचा ठावठिकाणा नाही, ज्यांचा दिवस ठाऊक नाही, त्यांची ती तिथी. दर वर्षी तूच ते करायचास आणि पानावरून उठताना म्हणायचास, "मरण कोणाला चुकलंय? पण जाताना काकांच्या जवळ कोणी नव्हतं रे." आणि आता तू, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर, घरची दोन माणसं असताना गेलेला, तू त्यांच्या पंगतीला बसणार होतास.

मी खटपट केली, अण्णा. खरंच केली. सुतकात बाहेर पडता येत नव्हतं तरी शेजारीपाजारी विचारलं. रेडिओवर तेव्हा काय चाललं होतं? कोणाला आठवेना. दुरुस्तीवाल्यानं मधेच तुझं घड्याळ पाठवून दिलं, छान तेल घातलेलं, टकटक चालणारं. मन्नीनं ते घेतलं आणि न बघता ट्रंकेत टाकलं. ऑफिसातल्या एका सोबत्याला साहेबांकडे पाठवलं. तुम्ही जिना उतरलात तेव्हा किती वाजले होते, एवढंच विचारायला. साहेबांचा निरोप आला. "वेळ मी बघितली नाही. मी तुमचंच घड्याळ बघत होतो."

आणि आता सगळ्यात लाजिरवाणं सांगतो, तुझ्याशिवाय कोणाला सांगणार? सुतकातच एक दिवस मांबळमच्या घरी, सरू आंघोळीला गेली असताना मी तांदळाचा डबा उघडला. मनाशी म्हणत होतो, ते सोन्याचं काढून विकून टाकू, देवळात देऊ, समुद्रात फेकू. ते बाहेर काढलं, तांदळाची धूळ पुसली, खिडकीशी धरलं. आणि ते मला सुंदर दिसलं, अण्णा. अजूनही! तुझ्या मरणानंतरसुद्धा! मला वाटलं होतं निदान आता शिसारी येईल. आली नाही. मी ते परत पुरलं आणि कपाळावर हात मारून घेतला. आपला वाद अजून मिटलेला नाही, तो असा. तू असतास तर म्हणाला असतास, "मग ठेव की. फक्त चावी दे."

दहाव्या दिवशी संध्याकाळी गुरुजी पुन्हा बसले. तुझ्यामागं मूलबाळ नाही, म्हणून सगळं मीच करत होतो, आणि दर वर्षी मीच करणार आहे. त्यांनी पंचांग मिटून मांडीवर ठेवलं. "वेंकटराव, काही नक्की झालं?"

मन्नी भिंतीला टेकून बसली होती. ती एकदम म्हणाली, "भावजी, तुम्ही एक वेळ सांगा. कुठलीही. तुम्ही सांगाल ती मी खरी मानीन. पण अमावास्या नको. हे काय हरवले होते का?"

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. तेही हो म्हणायला तयार होते, मला दिसत होतं. नुसतं 'दोन वाजता' म्हटलं असतं तर तुला अष्टमी मिळाली असती. जीभ उचलली होती मी. पण तुझा आवाज आला कानात, ऑफिसातून उशिरा आल्यावर मी 'सहाच्या सुमाराला निघालो' म्हटलं की यायचा तो. "सुमाराला म्हणजे केव्हा रे?" खोटी तिथी धरून तुला वर्षानुवर्षं मी पिंड देत बसायचं? तुला? मला ते जमेना.

"ठाऊक नाही," मी म्हटलं. "गुरुजी, मला खरंच ठाऊक नाही. अमावास्याच धरा."

गुरुजींनी मान हलवली. मी मान खाली घालून बसलो होतो. मन्नी आता ओरडेल, मला घराबाहेर जायला सांगेल असं वाटत होतं. सांगितलं असतं तर मी गेलोही असतो. गुरुजी गेले. सरू दिवा लावायला आत गेली. मग मन्नी माझ्याजवळ येऊन बसली, थोड्या अंतरावर.

"वेळ जाऊ दे," ती म्हणाली. "तिथी जाऊ दे. माझ्या मनाला एवढंच बरं वाटतं की मी आत होते तरी तुम्ही जवळ होतात. मी आले तेव्हा त्यांचा हात तुमच्या हातात होता. काकांसारखं नाही झालं ह्यांचं."

आता सांगायला पाहिजे होतं. थोड्याच वेळापूर्वी गुरुजींसमोर खरेपणाचा केवढा आव आणला होता मी! तोंड उघडलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "जाताना काही म्हणाले का हो?"

दहा दिवस तिनं धड खाल्लं नव्हतं. आणि मी भित्रा आहे. ह्यातलं खरं कारण कोणतं, ते तू ठरव.

"तुम्हाला हाक मारली त्यांनी," मी म्हटलं. "अगदी हळू. पण मारली."

तिनं डोळ्याला पदर लावला. कितीतरी वेळ रडली. मग उठली, तोंड धुतलं आणि सरूला म्हणाली, "थोडा ताकभात कालव."

अण्णा, मारलीही असशील तू हाक. तिला मारली असशील, मला मारली असशील. ऐकायला तिथं कोणी नव्हतं.